संरक्षित समुद्रातली छोटी मासेमारी आणि तळावरची जीवसृष्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटी मासेमारी म्हणजे नेमकं काय?

साऱ्या जगाला लागू पडेल अशी एक व्याख्या नाही. युरोपीय संघाच्या नियमांत १२ मीटरपेक्षा कमी लांबीची आणि पाण्यातून ओढत न्यायची साधनं न वापरणारी नौका ‘छोटी’ धरली जाते. या व्याख्येतला दुसरा भाग पहिल्याहून जास्त महत्त्वाचा आहे. पण लांबी फूटपट्टीने मोजता येते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी चर्चा लांबीपाशीच अडकते आणि साधनाचा विषय मागे पडतो. प्रत्यक्षात तळावरच्या स्पंजाला होडी किती लांब आहे याने काही फरक पडत नाही. त्याच्या अंगावर काय पडतं, किती वेळा पडतं आणि ते तिथून कसं ओढलं जातं, यावर त्याचं भवितव्य ठरतं.

छोटी म्हणून ही मासेमारी किरकोळ समजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालानुसार जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीपैकी किमान ४० टक्के छोट्या मासेमारीतून येते.

समुद्राच्या तळावर जपण्यासारखं असतं तरी काय?

वरून पाहणाऱ्याला तळ म्हणजे वाळू आणि चिखल. पण त्या चिखलात बिळं करून राहणारे किडे, शिंपले, खेकडे आणि नाजूक हातांचे तारामासे असतात. ते सतत चिखल खालीवर करत असतात. त्यामुळे प्राणवायू खालच्या थरात पोचतो आणि कुजलेल्या पदार्थांतली पोषकद्रव्यं पुन्हा पाण्यात मिसळतात. नांगरट म्हणावी असंच हे काम, फक्त करणारे डोळ्यांना दिसत नाहीत.

खडकाळ तळावरची गोष्ट वेगळी. तिथले बहुतेक रहिवासी एका जागी चिकटलेले असतात. स्पंज, प्रवाळ, समुद्री पंखे (पंख्यासारख्या फांद्यांचे प्रवाळांचे भाऊबंद), शेवाळप्राणी (शेवाळासारखे दिसणारे, वसाहतीने राहणारे बारीक प्राणी) या साऱ्यांना धोका आला म्हणून पळता येत नाही. त्यांच्या फांद्या, पोकळ्या आणि कपाऱ्या हीच माशांच्या पिल्लांची लपण्याची जागा असते. उथळ पाण्यात समुद्री गवताची कुरणं हेच काम करतात.

यातले कित्येक जीव इतके सावकाश वाढतात की आपल्या मापाने ते थांबलेलेच वाटावेत. भूमध्य समुद्रातला लाल समुद्री पंखा वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर उंच होतो. म्हणजे अर्धा मीटर उंचीचा पंखा म्हणजे पाव शतकाची वाढ. त्याच समुद्रात चुनखडी शैवालांनी थरावर थर चढवून रचलेले खडक आहेत. त्यांची जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. तळावर ‘थोडंसं’ नुकसान झालं असं कुणी म्हटलं, तर ते कोणत्या जिवाचं, हे आधी विचारायला हवं.

लहानशा होडीने एवढ्या समुद्राचं काय बिघडणार?

हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जातो. मासेमार तो वैतागून विचारतात आणि अधिकारी हात झटकताना. उत्तरात दोघांच्याही सोयीचं थोडं थोडं आहे.

आधी मासेमारांच्या बाजूचं. तळाशी घासत जाणाऱ्या ट्रॉलच्या, म्हणजे होडीमागे ओढायच्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, तुलनेत गळ, सापळे आणि एका जागी लावलेली जाळी फार सौम्य आहेत. जगभरच्या अभ्यासांचा २०१७ साली एकत्र हिशेब मांडला गेला. ओढत न्यायच्या साधनाच्या एका फेरीत तळावरचे ६ ते ४१ टक्के जीव नष्ट होतात असं त्यात दिसलं. सर्वांत कमी नुकसान फळ्यांच्या (तोंड दोन फळ्यांनी उघडं ठेवणाऱ्या) ट्रॉलचं होतं आणि सर्वांत जास्त पाण्याच्या झोताने तळ उकरणाऱ्या ड्रेजचं, म्हणजे शिंपले खरवडून काढणाऱ्या लोखंडी सांगाड्याचं. हा ड्रेज सरासरी १६ सेंटिमीटर खोल जातो. अझोर्स बेटांजवळच्या खोल पाण्यातल्या प्रवाळांवरही अशीच तुलना झाली. ट्रॉलच्या एका ओढीत जेवढं नुकसान होतं, तेवढं व्हायला तळाशी लावलेल्या लांब गळदोऱ्या कमीत कमी २९६ वेळा टाकाव्या लागतील, असं २०१४ सालच्या त्या अभ्यासात आढळलं.

आता दुसरी बाजू. संरक्षित क्षेत्रातून ट्रॉलर (ट्रॉल ओढणाऱ्या नौका) बाहेर काढले की आत उरतात त्या छोट्या होड्याच. मग त्याच तिथला मुख्य दाब होतात, कारण त्यांची संख्या मोठी असते, त्या वर्षातले बरेच दिवस समुद्रात असतात आणि ट्रॉलर ज्या खडकांपासून चार हात दूर राहतो नेमक्या त्या खडकांवर त्यांना जाता येतं. ज्या खाचखळग्यांमुळे तळ आजवर वाचला, तिथेच तीन पदरी जाळं टाकायचं असतं, कारण मासळीही तिथेच असते.

जाता जाता एक नमूद करायला हवं. ट्रॉलर ‘बाहेर काढले’ हे पुष्कळदा कागदावरच असतं. युरोपातली ७२७ सागरी संरक्षित क्षेत्रं २०१८ साली तपासली, तेव्हा त्यांतल्या ५९ टक्क्यांत व्यावसायिक ट्रॉलिंग चालू होतं. आत ट्रॉलर फिरत असताना गळ टाकणाऱ्याला तळाच्या नाजूकपणावर व्याख्यान देणं मला तरी पटत नाही.

कोणतं साधन तळाला किती त्रास देतं?

हातदोरी आणि गळ सर्वांत सौम्य. क्वचित वजन खडकावर आपटतं किंवा दोरी प्रवाळाला अडकते, एवढंच.

तळाशी लावलेली जाळी, म्हणजे गिलनेट (माशांचे कल्ले अडकवणारं उभं जाळं) आणि तीन पदरी जाळी, मऊ तळावर फारशी खोडी काढत नाहीत. खडकाळ तळावर मात्र खालची शिशाची दोरी फांद्यांत गुंतते आणि खरा घाव जाळं वर ओढताना बसतो. वारा किंवा प्रवाह असेल तर होडी सरकते, जाळं तिरपं ओढलं जातं आणि समुद्री पंखे मुळासकट उखडून वर येतात. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात छोट्या मासेमारीच्या साधनांची तुलना झाली. तिथे तळाच्या गिलनेटने समुद्री पंखे आणि केल्प शैवाल लक्षणीय प्रमाणात तोडलं, शेवंडाच्या सापळ्यांनी तळाला फारसा धक्का लावला नाही.

किनाऱ्यावरून हाताने ओढायचं जाळं ‘पारंपरिक’ म्हणून नियमांतून सुटतं, पण ते तळ घासतच येतं. प्रवाळ किंवा समुद्री गवतावरून गेलं तर दोन्ही मोडतं, आणि बारीक आसामुळे (जाळ्याच्या छिद्रांमुळे) पिल्लंही उचलतं. केनियाने या जाळ्यांवर २००१ साली बंदी घातली.

छोट्या होडीमागे बांधलेला शिंपल्यांचा ड्रेज हे ‘छोटं म्हणजे सौम्य’ या समजुतीला मिळालेलं सर्वांत सणसणीत उत्तर. स्कॉटलंडमध्ये मर्ल नावाच्या, गुलाबी खड्यांसारख्या दिसणाऱ्या चुनखडी शैवालाच्या गादीवरून ड्रेज एकदाच फिरवून पाहिला. जिवंत मर्ल ७० टक्क्यांहून अधिक घटलं आणि पुढची चार वर्षं सावरण्याची काही चिन्हं दिसली नाहीत. फेरी एकच होती, आणि तेवढ्यासाठी मोठं जहाज लागत नाही.

स्फोटकं आणि सायनाइड यांवर फार लिहायची गरज नाही. ती वापरणारेही बहुतेक छोट्या होडीतलेच असतात आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही. फिलिपिन्समध्ये मुरो-आमी नावाची पद्धत होती. तीत पोहणारे दोरीला बांधलेली वजनं प्रवाळावर आपटत मासे जाळ्याकडे हाकत. तिच्यावर १९८६ साली बंदी आली.

सापळे तर नुसते तळावर बसून असतात. त्यांनी काय होणार?

या प्रश्नावर चांगले प्रयोग झाले आहेत आणि त्यांची उत्तरं वरवर पाहता एकमेकांशी भांडतात, म्हणून जरा सविस्तर.

समुद्री पीस नावाचा एक प्राणी चिखलात पिसासारखा उभा असतो. त्याच्यावर सापळा पडला तर तो मोडेल अशी भीती होती. पाहिलं तर तो वाकला, आणि सापळा उचलल्यावर पुन्हा उभा राहिला. उपटून निघालेल्यांनीही पुन्हा चिखलात पाय रोवले.

ब्रिटनजवळच्या लंडी बेटापाशी २००३ साली मासेमारीला पूर्ण बंदी असलेला पट्टा आखला गेला. त्यातला खडकाळ तळ आणि शेजारी सापळे चालू असलेला तळ यांची चार वर्षं तुलना झाली. चिकटून राहणाऱ्या जिवांत सापळ्यांमुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. मासेमारांनी हा निष्कर्ष पुढे केला, आणि तसं करणं चूक नव्हतं.

मग लाइम उपसागर आला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या उपसागरात २००८ साली सुमारे २०६ चौरस किलोमीटर क्षेत्र ट्रॉल आणि ड्रेजना बंद झालं, सापळे चालू राहिले. पुढे मासेमारांनाच सोबत घेऊन तिथे एक प्रयोग झाला. अर्धा किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद असे चौकोन आखले. काहींत सापळे अजिबात नाहीत, काहींत थोडे, काहींत मध्यम, काहींत भरपूर. तीन वर्षांनंतर दाट सापळ्यांच्या चौकोनांत दोन जीव स्पष्टपणे घटलेले दिसले. एक पापुद्र्यांच्या गुलाबासारखा दिसणारा, ठिसूळ शेवाळप्राणी आणि दुसरा मोठा पांढरा समुद्री पिचकारीजीव. उंबरठा एका चौकोनात १५ ते २५ सापळ्यांच्या दरम्यान कुठेतरी होता. दाट सापळ्यांच्या चौकोनांत मासेमारांच्या हाती येणारे खेकडे आणि शेवंडही कमी भरले.

तेव्हा भांडण वरवरचंच. सापळा तळ बिघडवतो का, असा प्रश्न विचारला की उत्तर हो आणि नाही दोन्ही येतं. एवढ्या जागेत किती सापळे, असं विचारलं की मासेमार आणि जीवशास्त्रज्ञ एकाच आकड्याजवळ येऊन पोचतात. इतकं सरळ उत्तर मिळणारे प्रयोग समुद्रात फार थोडे होतात.

तळाला न शिवणारी मासेमारी असेल तर तळ सुरक्षित ना?

नाही. कोण पकडलं गेलं यावरही तळ बदलतो.

न्यूझीलंडमधल्या ली इथलं अभयारण्य १९७५ साली स्थापन झालं. तेव्हा तिथल्या खडकांचे मोठे पट्टे उजाड होते. काटेरी समुद्री अर्चिनांनी केल्प शैवाल कुरतडून फस्त केलं होतं. अर्चिनांना खाणारे मोठे स्नॅपर मासे आणि शेवंडं मासेमारीने विरळ झाली होती. बंदीनंतर हे शिकारी वाढले, अर्चिन घटले आणि दोनेक दशकांत उजाड खडकांवर केल्पचं रान परतलं. कुणीही तळाला हात न लावता तळ उजाड झाला होता, आणि हात न लावताच तो भरला.

भूमध्य समुद्रातही मोठे पांढरे ब्रीम मासे अर्चिनांवर असाच वचक ठेवतात. म्हणून आसाचं माप ठरवताना फक्त त्या जातीच्या साठ्याचा विचार पुरत नाही. मोठे मासे तळ राखणारे असतील तर ते पाण्यात राहायला हवेत.

नांगराचं काय?

नांगराकडे नियम करणाऱ्यांचं सहसा लक्ष जात नाही. भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया गवत जमिनीत आडवं वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतं. नांगराने पाडलेला खड्डा भरायला त्याला दशकं लागू शकतात. स्पेनच्या बॅलेअरिक बेटांनी २०१८ साली या गवतावर नांगर टाकायला बंदी केली. तिथे मुख्य तक्रार मासेमारांविरुद्ध नव्हती, सहलीच्या नौकांविरुद्ध होती. नेहमीच्या जागी कायमचा बोया बांधून दिला की हा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो.

हरवलेली जाळी आणि सापळे किती नुकसान करतात?

मासे अडकतात, मरतात, त्या वासाने खेकडे येतात आणि तेही अडकतात. ही गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तळाच्या दृष्टीने त्यात आणखी भर पडते. नायलॉन कुजत नाही. खडकावर पसरलेलं जाळं लाटेबरोबर पुढेमागे होत राहतं आणि खालच्या स्पंज-प्रवाळांना घासत राहतं. काही वर्षांनी त्यावर शैवाल आणि प्रवाळ चढतात. तेव्हा ते ओढून काढणं म्हणजे नवं नुकसान. पाणबुडे अशा वेळी जाळं कापून तुकड्या-तुकड्यांनी काढतात आणि घट्ट रुजलेला भाग तसाच सोडतात.

सापळ्यांसाठी साधा उपाय आहे. अलास्कात खेकड्यांच्या सापळ्याला एक झडप ठेवून ती सुती दोऱ्याने शिवणं सक्तीचं आहे. सापळा हरवला की दोरा कुजतो, झडप उघडते आणि आतले जीव सुटतात.

मग संरक्षित क्षेत्रात सरसकट बंदी का नको?

काही पट्ट्यांत पूर्ण बंदी हवीच, नाहीतर तुलना कशाशी करणार? पण सगळीकडे बंदी घातली तर दोन गोष्टी होतात. मासेमारी नाहीशी होत नाही, सीमेबाहेर सरकते आणि तिथला तळ दुप्पट मार खातो. शिवाय रोज पाण्यावर असणारी, परकी होडी दिसली की सांगणारी माणसंच त्या क्षेत्राच्या विरोधात जातात.

इटलीतलं तोर्रे ग्वाचेतो हे माझं आवडतं उदाहरण. संरक्षण १९९१ सालचं, पण पहारा खऱ्या अर्थाने सुरू झाला २००१ मध्ये. काही वर्षं मासेमारी पूर्ण बंद राहिली आणि २००५ मध्ये क्षेत्राचा एक भाग स्थानिक मासेमारांना अटी घालून खुला झाला. आठवड्यातून एकदाच जायचं, मोठ्या आसाचं तीन पदरी जाळं वापरायचं, त्याच्या लांबीलाही मर्यादा. सुरुवातीला जाळी भरून आली, मग पकड उतरली आणि बाहेरच्या साधारण दुपटीवर स्थिरावली. गाभ्याचा भाग बंदच राहिला. आठवड्यात एकदा जाळं टाकलं म्हणजे तळावर जाळं पडण्याचे प्रसंगही तेवढ्याच पटीत कमी झाले. तळासाठी म्हणून वेगळा नियम करावा लागला नाही.

पूर्ण बंदीचेही दाखले आहेत. स्पेनच्या कोलुंब्रेतेस बेटांभोवतीचं अभयारण्य १९९० सालचं. तिथून बाहेर सरकणाऱ्या शेवंडांचा हिशेब केला, तेव्हा बंद क्षेत्रामुळे गमावलेली पकड भरून निघून वर वजनाने वर्षाला सुमारे १० टक्के फायदा मासेमारांच्या पदरी पडत असल्याचं दिसलं. मात्र हा हिशेब बंदीच्या पहिल्या वर्षाचा नाही, ती बरीच वर्षं टिकल्यानंतरचा आहे. मधली वर्षं मासेमाराने कशावर काढायची याचं उत्तर देण्यात बहुतेक योजना कमी पडतात.

तळ सावरायला किती काळ लागतो?

तळ कोणता आणि घाव किती मोठा, यावर ते अवलंबून आहे. लाटांनी रोज ढवळल्या जाणाऱ्या उथळ वाळूतले जीव उलथापालथीला सरावलेले असतात. ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परततात. ट्रॉलने विस्कटलेला मऊ तळ सावरायला साधारण दोन ते सहा वर्षं लागतात. खोल, शांत पाण्यातला खडक आणि त्यावरचे पंखे-प्रवाळ यांचा हिशेब दशकांत करावा लागतो.

घावाच्या आकाराबद्दल फिलिपिन्समधून कळलेली एक गोष्ट डोक्यात ठेवण्यासारखी आहे. एका स्फोटाने प्रवाळात पडलेला खड्डा पाचेक वर्षांत बराच भरून येतो. पण वारंवारच्या स्फोटांनी सलग चुरा झालेल्या पट्ट्यात सावरण्याची लक्षणं दिसत नाहीत. चुरा प्रवाहाबरोबर हलत राहतो आणि त्यावर रुजायला आलेलं नवं प्रवाळ घासून मरतं.

‘काही परिणाम दिसला नाही’ असा निष्कर्ष आला तर निश्चिंत व्हावं का?

लगेच नको. अभ्यास सुरू होतो तेव्हा तळ मुळात कसा होता, हे पाहणारं कुणी नसतं. त्या जागी पन्नास वर्षं जाळी पडत असतील तर ठिसूळ जीव आधीच गेलेले असतात. उरलेले असतात ते मार सोसणारे. अशा तळावर आणखी एक जाळं टाकून फरक पाहिला तर तो दिसणार नाहीच.

दुसरी अडचण तुलनेची. बंद पट्टे बहुधा सुंदर, खडकाळ जागी आखले जातात आणि खुले पट्टे उरलेल्या वाळूत. मग जो फरक दिसतो तो मासेमारीचा की तळाच्या जातीचा? बंदीच्या आधीपासूनच दोन्हीकडची मोजणी सुरू करणं हा यावरचा खरा इलाज. संरक्षित क्षेत्र घोषित करण्याच्या घाईत तो क्वचितच होतो.

तिसरी गोष्ट काळाची. लाइम उपसागरातला फरक तीन वर्षं सापळे मोजून-मापून ठेवल्यावर समोर आला. एका मोसमाच्या अहवालावर आयुष्यभराचा परवाना देऊ नये, आणि काढूनही घेऊ नये.

मासेमारीच्या पद्धतीत कोणते बदल उपयोगी पडतात?

सर्वांत परिणामकारक बदल जागेचा. जाळं पन्नास मीटर बाजूला, खडक सोडून वाळूवर लावलं तर तुटणाऱ्या पंख्यांची संख्या एकदम खाली येते. त्यासाठी तळाचा नकाशा मासेमाराच्या हातात असायला हवा, कार्यालयाच्या भिंतीवर नव्हे. जाळं सरळ वर ओढणं, शिशाची दोरी हलकी ठेवणं, एका दोरीला बांधलेल्या सापळ्यांची माळ ओढताना ती तळावरून फरफटू न देणं, हे कसबी मासेमार आपणहून करतात, कारण फाटलेलं जाळं शिवत बसायला त्यांनाही आवडत नाही. जाळं रात्रभराऐवजी कमी वेळ पाण्यात ठेवलं तर वादळात ते गमावण्याची शक्यता घटते आणि मासळीही ताजी निघते.

जाळ्यात तुटून आलेला समुद्री पंखा परत लावता येतो?

येतो, आणि ही युक्ती भलतीच साधी आहे. स्पेनच्या काप दे क्रेउस इथल्या संरक्षित समुद्रात मासेमारांच्या जाळ्यांत अडकून वर आलेले जिवंत पंखे फेकून न देता ते जपून बंदरात आणतात. संशोधक त्यांना पाण्याच्या टाकीत सावरू देतात, मग प्रत्येक पंखा एका गोट्यावर चिकटवतात आणि गोटे होडीतून पाण्यात सोडतात. गोटा जड, वर पसरलेला पंखा हलका. त्यामुळे तो बॅडमिंटनच्या फुलासारखा सरळ खाली जातो आणि तळावर उभाच टेकतो. पद्धतीचं नावही बॅडमिंटनवरूनच पडलं. ऐंशी-नव्वद मीटर खोलीवर पाणबुड्याला पाठवणं महाग आणि धोक्याचं, त्यामुळे ही सोय मोठी. नंतर यंत्राच्या कॅमेऱ्याने पाहिलं तर बहुतेक पंखे उभे होते.

यात मेलेला पंखा जिवंत होत नाही आणि खडकाचा फुटलेला थर जुळत नाही. जाळं वर येताच पंखा काढून लगेच पाण्यात ठेवावा लागतो. उन्हात पडून राहिला तर काही उपयोग नाही. म्हणजे होडीवर एक बादली भरलेली हवी आणि जाळं सोडवणाऱ्याची तेवढी इच्छा हवी.